छावणीतला टीव्ही आणि कुंपणाबाहेरचे प्रेक्षक

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, "सर, लष्करी तळावर सैनिक आठवडाभर टीव्हीवर काय बघतात, याचा इतिहास? आणि तो जालना जिल्ह्यात बसून?" प्रश्न रास्त आहे. जालन्यात आज मोठा लष्करी तळ नाही. पण ज्या गावाच्या पोटात एकेकाळी छावणी होती, त्या गावाला कुंपणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मला टीव्हीबद्दल बोलायचं आहेच, पण त्याहून जास्त त्या कुंपणाबद्दल बोलायचं आहे. म्हणून सुरुवात जालन्यापासून करतो.

१८०३ सालचा सप्टेंबर महिना. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची २१ तारखेला बदनापूरला भेट झाली. बदनापूर म्हणजे आपलं रेल्वे स्टेशनचं बदनापूर. तिथून दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघाले. २३ तारखेला असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. लढाईचं वर्णन आज करत नाही, ते तुम्ही अनेकदा ऐकलेलं आहे. तिच्या नंतर काय उरलं ते आपल्या कामाचं आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या देखरेखीखालचं सैन्य राहिलं, आणि त्या सैन्याच्या छावण्यांपैकी एक जालन्याला होती. १९०२मध्ये वऱ्हाडाचा करार झाला, त्यानंतर हैदराबाद कंटिन्जंट हे सैन्य ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात विलीन झालं आणि जालन्याची छावणी उठली. शिपाई गेले, नाव राहिलं. सदर बाजार म्हटलं की आज आपल्याला दुकानं आणि पोलीस ठाणं आठवतं. पण सदर बाजार हा मुळात छावणीचा शब्द आहे. लष्कराच्या ताब्यातला, लष्कराच्या नियमांनी चालणारा बाजार, तो सदर बाजार.

छावणीची मूळ कल्पना काय? शिपाई गावात मिसळता कामा नये. त्याचं राहणं, खाणं, दवाखाना, बाजार, प्रार्थना, करमणूक, सगळं आखून दिलेल्या हद्दीच्या आत. पण हद्द असं ऐकत नाही. पलटण, बराक, कवायत हे शब्द आज आपण घरात वापरतो. चार टवाळ पोरं एकत्र जमली की आपण त्यांना कंपू म्हणतो, तोही लष्करातूनच आलेला. शब्दांना गेटपास लागत नाही. याच्या आधी पेशवाईत तर असलं कुंपणच नव्हतं. लष्कराबरोबर तमाशाचे फड फिरत आणि शिपाई जी लावणी ऐके तीच मुक्कामाच्या गावातला माणूसही ऐके.

आता एकदम दीडशे वर्षं पुढे या आणि अमेरिकेत चला. तिथे ईशान्येच्या टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ, मेन राज्यात लाइमस्टोन नावाचा हवाई तळ होता. बर्फ, एकांत आणि घरापासून लांब राहणारी तरुण मुलं. त्यांचं मनोधैर्य खचतंय हे वरिष्ठांच्या लक्षात आलं आणि १९५३-५४च्या सुमारास तळावरच एक छोटं टीव्ही केंद्र उभं राहिलं. अमेरिकी लष्कराची रेडिओ सेवा १९४२पासून होती, तिला आता टीव्हीची जोड मिळाली. पुढे जगभरच्या अमेरिकी तळांवर अशी केंद्रं निघाली.

तिथला आठवडा कसा असे, ते बघण्यासारखं आहे. तेव्हा उपग्रह नव्हते. टीव्हीवरचा कार्यक्रम १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून घेत. अशा रिळांचं आठवड्याचं गाठोडं एका तळावर पोचायचं, तिथे दाखवून झालं की पेटी पुढच्या तळाला रवाना. गावोगाव फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजसारखं, फक्त इथे तंबू जागेवर आणि रीळ प्रवासात. त्यामुळे जो कार्यक्रम घरच्यांनी कधीच बघून टाकला, तो तळावरचा मुलगा काही आठवड्यांनी बघे. आणखी एक गोष्ट. फिल्ममधल्या जाहिराती कापून टाकत. साबण, मोटारी, सिगारेटी, सगळं काढायचं. त्या मोकळ्या जागेत लष्कराच्या सूचना येत: गाडी सांभाळून चालवा, मतदान करा, बचतीचे रोखे घ्या. म्हणजे कार्यक्रम घरचाच, पण त्यात घर नाही. जाहिरात नसलेला टीव्ही तुम्हाला मला सुखाचा वाटेल. पण माणसाला आपल्या गल्लीची आठवण पुष्कळदा तिथल्या दुकानाच्या पाटीवरून येते.

इथपर्यंत कुंपणाच्या आतली गोष्ट झाली. बाहेरची गोष्ट आइसलँडची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. केफ्लाविकला अमेरिकेचा तळ होता. १९५५मध्ये तिथे तळासाठी टीव्ही सुरू झाला. त्या देशाला तेव्हा स्वतःचा टीव्हीच नव्हता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राची शक्ती वाढवायला परवानगी मिळाली आणि प्रक्षेपण राजधानी रेक्याविकपर्यंत नीट पोचू लागलं. लोकांनी काय केलं असेल? आपण जे केलं असतं तेच. टीव्ही संच विकत घेतले, छपरावर अँटेना लावले आणि अमेरिकी शिपायांसाठी आलेले कार्यक्रम घरात बसून बघायला लागले.

या देशाची तेव्हाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती. २०११च्या जनगणनेत एकट्या जालना शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर आहे, यावरून अंदाज करा. एवढ्याशा लोकांची भाषा, पण शेकडो वर्षांची साहित्यपरंपरा सांगणारी. १९६४मध्ये तिथल्या ६० नामवंतांनी संसदेकडे अर्ज केला की या टीव्हीचं प्रक्षेपण तळापुरतं मर्यादित ठेवा. दुसऱ्या बाजूनेही लोक उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आम्ही घरात काय बघावं हे ठरवणारे तुम्ही कोण? भांडण बरंच गाजलं. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९६६ला, आइसलँडचा स्वतःचा टीव्ही सुरू झाला. तो गुरुवारी बंद असे. ही गुरुवारची सुट्टी थेट १९८७पर्यंत टिकली. जुलै महिन्यात तर टीव्हीलाच वार्षिक रजा! आणि १९७४मध्ये केफ्लाविकचं प्रक्षेपण तळापुरतं मर्यादित झालं.

तुम्ही कोणाच्या बाजूने? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. बघणाऱ्याचं स्वातंत्र्य खरंच आहे. पण त्या साठ जणांचा प्रश्न मला जास्त खोल वाटतो. टीव्हीवर काय लागावं हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी प्रेक्षक म्हणून होतोच का? केफ्लाविकच्या केंद्राला रेक्याविकच्या प्रेक्षकाची गरजच नव्हती. तो दुसऱ्याच्या ताटातलं खात होता, आणि ताट वाढणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आता आपल्याकडे या. भारतीय लष्कराने आपल्या जवानांसाठी असा वेगळा टीव्ही काढला नाही. रेडिओवर मात्र एक सुंदर गोष्ट झाली. विविध भारती १९५७मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर फौजी भाइयोंसाठी 'जयमाला' लागायला लागली. जवान पत्र लिहून गाणं मागणार, निवेदक त्याचं नाव वाचणार. कुठे तैनात आहे ते कळायचं नाही, पत्ता फक्त 'मार्फत ५६ एपीओ'. तो जवान बर्फात आहे की वाळवंटात, हे ऐकणाऱ्याला माहीत नाही. पण संध्याकाळी देशभर घराघरांत लोक ते गाणं ऐकत, शेतातून आलेला माणूस हातपाय धुता धुता ऐके. केफ्लाविकचं हे बरोबर उलट आहे. तिथे तळाचा कार्यक्रम चोरून बाहेर आला, इथे तळासाठीचा कार्यक्रम उघड उघड सगळ्यांना ऐकवला. ज्या घरातला मुलगा पलटणीत असेल त्या घरात नाव वाचताना एकदम शांतता होत असे. बहुतेक वेळा नाव दुसऱ्याचंच निघे. चालायचंच, गाणं तर लागे.

टीव्हीची कथा एवढी सरळ नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. १९७३मध्ये सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागलं. म्हणजे पुणे, खडकी, देहूरोड या छावण्याही त्या टापूत आल्या. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. तिथल्या जवानाला युनिटच्या करमणुकीच्या खोलीत बसून काय बघता येत होतं? गुरुवारी 'छायागीत', शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी सिनेमा. आणि पुढच्या आठवड्यात काय लागणार ते सांगणारी 'साप्ताहिकी', ती तर पुष्कळ जण सिनेमाइतक्याच भक्तीने बघत. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं'.

यात एक विनोद आहे, कडू विनोद. 'आमची माती' मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिसत होतं, पुण्याच्या बराकीत दिसत होतं. पण ज्याच्या मातीत कापूस आणि मोसंबी होती त्या अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला ते दिसत नव्हतं. मराठवाड्याचा जवान छावणीत मराठी टीव्ही बघतोय आणि त्याचे आईवडील गावाकडे फक्त रेडिओ ऐकताहेत, अशी ती दहा-बारा वर्षं होती.

यात आणखी एक पदर आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना थेट टीव्ही दाखवला. कर्नाटकातून गुलबर्गा आणि रायचूर, आंध्रातून मेदक आणि महबूबनगर, असे जिल्हे त्यात होते. नावं नीट ऐका. ही सगळी जुन्या निजामी राज्यातली, आपली १९४८च्या आधीची शेजारीपाजारी. ज्या राज्यांत ती गेली त्यांचा समावेश झाला, महाराष्ट्राचा झाला नाही. प्रगत राज्यात असण्याची किंमत मागास भागाने अशीही मोजलेली आहे.

मग १९८२ आलं, रंग आला, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी गेला, आणि १९८४च्या उत्तरार्धात देशात जवळजवळ रोज एक ट्रान्समीटर उभा राहत होता. यातले बहुतेक शंभर वॅटचे. शंभर वॅट म्हणजे स्वयंपाकघरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी शक्ती! एक शहर आणि आसपासची थोडी गावं, एवढीच त्याची धाव. अशाच काळात मराठवाड्यातल्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर अँटेना दिसायला लागले.

पण त्या छोट्या ट्रान्समीटरला स्वतःचा आवाज नव्हता. वरून उपग्रहाने जे दिल्लीचं येईल ते खाली सोडायचं. मुंबईचे मराठी कार्यक्रम सुरुवातीला त्यांच्यावरून दिसत नसत. म्हणजे टीव्ही आला, आणि आला तो हिंदीतून. कोणी म्हणेल, हिंदी तर आपल्याला कळते. कळते, निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या आजोबांना उर्दूही कळत होती. कळणं वेगळं आणि आपल्याशी बोललं जाणं वेगळं. मी हा ट्रान्समीटर केफ्लाविकच्या केंद्राशेजारी ठेवून बघतो तो याच कारणाने. फरक आहेच. दिल्लीला आपण प्रेक्षक म्हणून हवे होतो, भारताचे नागरिक म्हणून हवे होतो. परक्या लष्कराचं ते केंद्र नव्हतं. पण ताट वाढणाऱ्याला आपलं नाव ठाऊक नसणं, ही गोष्ट दोन्हीकडे होती.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी साठ जणांतला एकसष्टावा होईन. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८, दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण'. त्या वेळी छावणीतली टीव्हीची खोली आणि खेड्यातली टीव्हीवाल्याची ओसरी यांत फरक उरला नव्हता. रस्ते ओस, संचाला हार, काही ठिकाणी उदबत्ती. बेनेडिक्ट अँडरसन नावाच्या अभ्यासकाने वर्तमानपत्राबद्दल म्हटलंय, की प्रत्येक जण एकटा वाचतो, पण याच वेळी हजारो लोक हेच वाचताहेत हे त्याला ठाऊक असतं आणि त्यातून राष्ट्राची कल्पना आकार घेते. दूरच्या छावणीतल्या मराठवाड्याच्या जवानाला रविवारी साडेनऊला तसंच ठाऊक होतं, की आई आत्ता हेच बघते आहे. लाइमस्टोनच्या मुलाला हे सुख नव्हतं, त्याचं रीळ उशिरा पोचायचं. १९८८मध्ये चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' मालिका आली, १९८९मध्ये 'फौजी' आली. त्यात शाहरुख खान हा नवा मुलगा होता. ज्याला आजवर पत्त्यावर फक्त 'मार्फत ५६ एपीओ' मिळत होतं, त्या शिपायाचा चेहरा घरच्यांना दिसला. नटाचा होता, पण दिसला.

मराठीला तिची जागा हळूहळू मिळाली. १९९४मध्ये उपग्रहावरून मराठी वाहिनी आली, ती २०००मध्ये 'सह्याद्री' झाली. तोवर गल्लीगल्लीत केबलवाले पोचले होते आणि सगळ्यांनी मिळून एकच बघण्याचा रविवार मोडला होता. म्हणजे जेव्हा एकत्र बघत होतो तेव्हा आपली भाषा नव्हती, आणि आपली भाषा आली तेव्हा एकत्र बघणं संपत आलं होतं. आज बराकीतला जवान आणि भोकरदनची त्याची बहीण, दोघांच्याही हातात फोन आहे. दोघांना वेगवेगळं दिसतं, आणि कोणाला काय दाखवायचं ते कोणत्या गावात बसून ठरतं, ते दोघांनाही माहीत नाही.

वेळ झाली आहे. आइसलँडच्या गुरुवारबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आत्ता विचारा.