मातीवरचं सोनं : काशानच्या भट्टीची गोष्ट



आज आम्ही तुम्हाला इराणला नेणार आहोत, तेही आठशे वर्षं मागे. तेहरानच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला काशान नावाचं शहर आहे. बाराव्या-तेराव्या शतकात तिथले कुंभार अशी ताटं, वाडगे आणि भिंतीच्या फरशा बनवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, सोन्याचंच काम आहे! या फरशांचं एवढं नाव झालं, की इराणात अशा फरशीला आजही ‘काशी’ म्हणतात.

पण त्यात सोनं नव्हतं. मग ती झळाळी यायची कुठून? याची कृती काशानच्याच अबुल कासिम यांनी 1301 साली लिहून ठेवली. त्यांचं घराणं कुंभारांचं. वडील अली, आजोबा मुहम्मद, पणजोबा अबू ताहिर, सगळे याच कामातले. भाऊ यूसुफही तेच करायचा. अबुल कासिम स्वतः मात्र दरबारात इतिहास लिहायचे.

ते सांगतात, भांड्यासाठी दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती घ्यायची. चीनहून येणारी पांढरीशुभ्र भांडी सगळ्यांना हवी असत, पण तशी माती तिथे नव्हती. म्हणून ही युक्ती. भांड्याला काचेसारखा लेप देऊन ते एकदा भाजायचं. मग गंधकात जाळलेली चांदी, भाजलेलं तांबं, हरताळ, मनशीळ असं सगळं एक दिवस, एक रात्र दगडावर वाटायचं. द्राक्षाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून त्या रंगानं नक्षी काढायची आणि भांडं दुसऱ्या भट्टीत ठेवायचं. तिथे मोठा जाळ नको, नुसता हलका धूर द्यायचा, तोही 72 तास! त्या धुरानं चांदी-तांब्याचा अगदी पातळ थर लेपावर धरायचा. भांडं थंड झालं, की ओल्या मातीनं घासायचं. काजळी निघाली, की खालून सोनेरी नक्षी उजळायची. धूर कमी-जास्त झाला, तर सगळी मेहनत वाया.

हे कारागीर कामावर सही करायचे. तेहरानजवळ वरामीनला इमामजादा याह्या नावाचा दर्गा आहे. तिथला मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, अली यांनी 1265 साली घडवला. पुढे त्या दर्ग्याच्या फरशा उचकटून विकल्या गेल्या. काही लंडनच्या संग्रहालयात गेल्या आणि तो मेहराब आज अमेरिकेत, होनोलुलूला आहे. इतक्या दूर जाऊनही तो कुणाचा, हे कळतं, कारण त्यावर नाव आहे.

पण मैत्रिणींनो, त्या सह्या बापाच्या, मुलाच्या, नातवाच्या. दिवसरात्र रंग कुणी वाटला, तीन दिवस भट्टीपाशी कोण जागलं, ती नावं लिहिली गेली नाहीत. ते हातही तितकेच जाणते असणार.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. आपल्या गटात मसाला, पापड, गोधडी, जे काही होतं, त्याचं प्रमाण आणि कृती येत्या बैठकीत वहीत लिहा. आणि वाटणारीपासून भाजणारीपर्यंत प्रत्येकीचं पूर्ण नाव त्याखाली लिहा.