एकदांच करावयाचें स्नान

आमच्याकडे स्नान ही नित्याची गोष्ट आहे. सकाळचें स्नान झाल्यावांचून देवपूजा नाहीं; पर्वकाळीं गोदेंत किंवा कृष्णेंत बुडी मारावी आणि पुढील पर्वणीस ती पुन्हां मारावी. मळ पुन्हां चढतो, म्हणून स्नानही पुन्हां करावयाचें, हें आमच्या मनांत खोल ठसलेलें आहे. यामुळें एक धर्म आपल्या अनुयायास सबंध आयुष्यांत एकच स्नान घालतो, आणि तें दुसऱ्यांदां घालणें निषिद्ध मानतो, हें ऐकून सुशिक्षित वाचकासही थोडा अचंबा वाटतो. आमच्यांतील बहुतेकांस बाप्तिस्मा म्हणजे बाटण्याचा विधि एवढेंच ठाऊक असतें. उलट कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत तो बाळाचें नांव ठेवण्याचा समारंभ होऊन बसलेला दिसतो. या दोन्ही समजुतींपलीकडे त्या पाण्याचा जो अर्थ आहे, त्याचा इतिहासाच्या साह्यानें मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे: बुडविणें. यहुदी लोकांत शुद्धीचीं स्नानें पुष्कळ होतीं व तीं वारंवार करावयाचीं असत. यार्देन नदीच्या कांठीं योहानानें लोकांस पश्चात्तापाचें स्नान घातलें, आणि येशूनेंही तें त्याच्या हातून घेतलें. परंतु या स्नानास अगदीं निराळा अर्थ दिला तो पौलानें. रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत तो असें प्रतिपादितो कीं, पाण्याखालीं जाणें हें ख्रिस्ताबरोबर मरणें व पुरलें जाणें होय, आणि वर येणें हें त्याच्याबरोबर नव्या जीवनांत उठणें होय. येथें धुण्याची कल्पना मागें पडली आणि मरणाची पुढें आली. मनुष्य अनेकदां धुतला जाईल, परंतु मरतो एकदांच व जन्मतोही एकदांच. हें स्नान पुन्हां कां करावयाचें नाहीं, याचें उत्तर येथें मिळतें. आमच्या ‘द्विज’ शब्दांतही दुसऱ्या जन्माची कल्पना आहे. भेद इतकाच कीं, त्या जन्माआधीं मरावें लागतें असें आमच्या उपनयनांत कोणी सांगत नाहीं.

चौथ्या शतकांतील विधि पाहिला म्हणजे हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. उमेदवारास दीर्घकाल शिक्षण दिल्यावर ईस्टरच्या आदल्या रात्रीं कुंडाकडे नेत. यरुशलेमांत तो प्रथम पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे, तोंड करून सैतानाचा त्याग करी. मग पूर्वेकडे वळून आपली श्रद्धा उच्चारी. जुनीं वस्त्रें उतरवून तो पाण्यांत तीनदां बुडे व वर आल्यावर शुभ्र वस्त्र नेसे. मिलान शहराच्या मुख्य मंदिराखालीं अशा एका कुंडगृहाचे अवशेष सांपडले आहेत. तें अष्टकोनी आहे. सृष्टीचे सात दिवस संपून उगवणारा आठवा दिवस, म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस, त्या आठ बाजूंनीं सुचविला जाई.

परंतु स्नान एकदांच करावयाचें म्हटल्यावर तें केव्हां करावें, हा प्रश्न ओघानेंच आला. पूर्वीचीं सर्व पापें त्यांत नष्ट होतात, मग नंतरच्या पापांचें काय? या भीतीनें पुष्कळजण तें लांबणीवर टाकीत. सम्राट कॉन्स्टंटाइन यानें ख्रिस्ती धर्मास राजाश्रय दिला, धर्मसभा भरविल्या, परंतु स्वतः बाप्तिस्मा घेतला तो इ. स. ३३७ मध्यें, मृत्यु समीप आल्यावर. त्यानंतर त्यानें राजेपणाचें जांभळें वस्त्र पुन्हां अंगास लावलें नाहीं, शुभ्र वस्त्रांतच देह ठेविला, असें त्याचा चरित्रकार सांगतो. आयुष्यभर वापरलेली सत्ता त्या पाण्यापलीकडे नेतां येत नाहीं, हें त्यास उमगलें असावें. तथापि जें जन्माचें द्वार, तें मरणाच्या उंबरठ्यावर उघडणें यांत अर्थाची कांहीं हानि होतेच.

ऑगस्टीनच्या आत्मवृत्तांत याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तरुणपणीं त्याचा एक जिवलग मित्र तापानें बेशुद्ध पडला. आशा सुटली म्हणून घरच्यांनीं त्यास तशाच स्थितींत बाप्तिस्मा दिला. मित्र शुद्धीवर येतांच ऑगस्टीननें त्या पाण्याची थट्टा आरंभिली. तोही हंसेल अशी त्याची खात्री होती. पण मित्र शत्रूकडे पाहावें तसा त्याच्याकडे पाहूं लागला, आणि मैत्री हवी असेल तर असें बोलूं नकोस, म्हणून त्यानें बजावलें. थोड्याच दिवसांत ताप उलटून तो वारला. ज्या पाण्याची त्यास जाणीवही नव्हती, त्यानें त्याच्यांत काय पालटलें? हा सल ऑगस्टीनला पुष्कळ वर्षें राहिला. पुढें ३८७ सालीं, ईस्टरच्या रात्रीं, मिलान येथें अँब्रोसच्या हातून त्यानें स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा व एक स्नेही त्याच वेळीं त्याच्याबरोबर पाण्यांत उतरले.

पुढें बिशप झाल्यावर आफ्रिकेंत त्यास डोनाटिस्ट पंथाशीं झगडावें लागलें. छळाच्या काळीं ज्यांनीं भिऊन धर्मग्रंथ सरकारच्या हवालीं केले, अशा पतितांशीं संबंध ठेवणाऱ्या मंडळीचा बाप्तिस्मा खोटा, असें तो पंथ म्हणे. ऑगस्टीनचें उत्तर असें कीं, देणारा पुरोहित नव्हे, ख्रिस्त होय. हात मलिन असला तरी दान मलिन होत नाहीं. या उत्तरानें सामान्य मनुष्याची मोठी चिंता दूर झाली, यांत संशय नाहीं. पण देणाऱ्याची योग्यता गौण ठरली तरी घेणाऱ्याच्या इच्छेचें काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो सोळाव्या शतकांत भडकला. २१ जानेवारी १५२५ रोजीं झुरिक येथें कांहीं तरुणांनीं एका घरीं जमून, श्रद्धा उच्चारून, एकमेकांस बाप्तिस्मा दिला. तान्हेपणीं झालेला विधि श्रद्धेवांचून झाला, तेव्हां तो बाप्तिस्माच नव्हे, असें त्यांचें म्हणणें. नगरसभेस यांत समाजाचा पायाच उखडला जातो असें वाटलें; कारण तेथें प्रत्येक नागरिक जन्मतःच ख्रिस्ती गणला जाई. तिनें पुनः बाप्तिस्मा देणाऱ्यास बुडवून मारण्याची शिक्षा ठरविली, आणि ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मांझ यास हातपाय बांधून लिम्मात नदींत बुडविलें. पाण्यांतील मरण हा पौलाचा दृष्टांत. त्याच्या अनुयायांनींच तो असा शब्दशः खरा करावा, याहून दुःखद विपर्यास कोणता?

आमच्या महाराष्ट्रांतही या पाण्यानें घरें फुटलीं. घरीं बसून शुभवर्तमान वाचणाऱ्यास कोणी फारसें अडवीत नसे; मस्तकावर पाणी पडलें कीं ताटातूट. आमच्या स्मृतींत पतितासाठीं घटस्फोटाचा विधि सांगितला आहे: तो जिवंत असतांच आप्तांनीं मृतास द्यावें तसें उदक द्यावें आणि पाण्याचा घट पालथा करावा. म्हणजे ज्या क्षणास ख्रिस्ती मनुष्य जुन्या जीवनाचें मरण म्हणे, त्यासच त्याचे आप्तही मरण समजत. दोन्हीकडे साधन पाणीच. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. पण आईच्या स्वयंपाकघराचें दार कोणता कायदा उघडणार?

नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे. त्यांनीं स्वतः ते पाऊल १९०० सालीं टाकलें. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटेज येथें १८८३ सालीं झाला. परंतु पुढें त्यांनीं स्वच्छ लिहून ठेविलें कीं, त्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, ख्रिस्त मात्र सांपडला नव्हता. तो भेटावयास आणखी आठ वर्षें लागलीं. तरी त्यांनीं पहिलें स्नान व्यर्थ म्हटलें नाहीं. उलट टिळकांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ काढला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसावे, अशी त्यांची योजना होती. ज्यानें स्वतः त्या पाण्याची पुरेपूर किंमत मोजली, त्यानेंच तें दाराशीं भिंत म्हणून उभें करण्यास नकार दिला. दोन वर्षांतच ते वारले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

या सर्व इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, बाप्तिस्म्याचा अर्थ त्या एका घटकेंत पुरा होत नाहीं. बुडी एकदांच मारावयाची, परंतु वर येण्यास कोणास आठ वर्षें लागतात, कोणास जन्म लागतो. म्हणूनच ज्यांनीं त्या पाण्याची थट्टा केली आणि ज्यांनीं तें बळजबरीचें साधन केलें, ते दोघेही त्याच्या अर्थास सारखेच पारखे राहिले. आमच्या शेजारच्या घरीं जेव्हां असें स्नान होतें, तेव्हां आम्हीं घट पालथा न करतां तो मनुष्य वर येण्याची वाट पाहिली, तर आमच्या धर्माची त्यांत कांहींच हानि नाहीं.