बूट, काळा पडदा आणि जुना करार

मंडळी, संगणकातला ‘बूट’ हा पायातल्या बुटावरूनच आला आहे. इंग्रजी बुटाला मागे ओढायचा एक पट्टा असतो. स्वतःच्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलायचं, असा तिकडचा वाक्प्रचार. संगणकाचंही तसंच. प्रोग्रॅम आणायला आधी प्रोग्रॅम हवा! म्हणून एका चिपमध्ये पहिला धडा लिहून ठेवलेला असतो. तो मोठ्याला हाक मारतो, मोठा आणखी मोठ्याला.

या साखळीत सगळ्यांत जास्त रुसतं ते ग्राफिक्स कार्ड.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याला दोन कार्डं मिळत. एक फक्त अक्षरं दाखवणारं, दुसरं रंगीत. १९८७ साली आयबीएमनंच व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. इतरांनी त्याची नक्कल केली आणि बघता बघता ती सगळ्यांची प्रमाणभाषा झाली.

मग आला वेग. चित्राचं गणित मुख्य प्रोसेसरऐवजी कार्डानं करायचं, हेच ते ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन. १९९६ चं थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड फक्त त्रिमिती चित्रं काढायचं. साध्या चित्रासाठी शेजारी दुसरं कार्ड लागायचंच! १९९९ साली एनव्हिडियानं आपल्या जीफोर्स २५६ ला ‘जीपीयू’ म्हटलं. वेगाबरोबर प्रत्येक कंपनीची बोली मात्र निराळी झाली. ती जाणणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि तो बहुधा कंपनीच्या कुलपात.

असेंबल केलेल्या यंत्रात हे जास्त जाणवतं, कारण तिथे दहा घरचे पाहुणे एका मांडवात. माझ्या नातवानं असं यंत्र जुळवून लिनक्स घातलं. पंखे फिरतात, पडदा काळा! तो कार्ड परत करायला निघाला होता. पण कार्ड धडधाकट होतं. २००९ पासून लिनक्सचं कर्नेल पडद्याची मांडणी स्वतः ठरवू लागलं. कार्ड अगदी नवं असेल तर ते तिथेच अडखळतं. उपाय सोपा. सुरुवातीच्या मेनूत ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत सलग ‘नोमोडसेट’ लिहायचं आणि एफ१० दाबायचं. म्हणजे, ‘बाबा रे, तू ठरवू नकोस, पहिल्या चिपनं लावून दिलेलं साधं चित्रच चालव.’ हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. चित्र आलं. संथ, पण आलं. वेग आला तो योग्य ड्रायव्हर घातल्यावर. विंडोज ९५ चा सेफ मोडही असाच १६ रंगांच्या व्हीजीएवर उतरायचा.

मला खटकतं ते कुलूप. कंपनीनं ड्रायव्हर देणं थांबवलं की चांगलं कार्ड मुकं होतं. एएमडीनं २००७ साली आपल्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियाची माहिती मिळेना, म्हणून स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं न्याहाळून ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर रचला. पुढे २०२२ साली एनव्हिडियानंही ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. भाषा उघडी असली की कंपनी पाठमोरी झाली तरी यंत्र सांभाळणारा कोणीतरी निघतो.

वर्गात मी मुलांना म्हणायचो, घरची बोली जपा, पण चारचौघांची भाषाही येऊ द्या. परगावी अडलात की तीच उपयोगी पडते. यंत्रांनाही तेच लागू आहे.

असो. तुमच्याकडे काळ्या पडद्याचा एखादा डबा पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करून पाहा.