कात्रीखालची भुते

दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय काढला म्हणून एखाद्या आजीबाई नाक मुरडतील. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या नावाने कारीट पायाखाली चिरडून मगच फराळाला बसणारी माणसे आपण. आधी थोडे भय, मग चकली, हा क्रम आपल्या घरांत जुनाच आहे. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट हाताशी असू द्या आणि एका प्रश्नाचा विचार करू. चित्रपटगृहात दाखवताना भयपटाचा जो भाग कापून टाकला गेला, तो पुढे घरी पाहायच्या प्रतीत, कॅसेटवर किंवा तबकडीवर, पुन्हा जोडावा काय? ‘दिग्दर्शकाची प्रत’ अशा भारदस्त नावाने या लांबवलेल्या प्रती गेली कित्येक वर्षे जगभर निघत आहेत. कोणी म्हणतो, कलावंताला हा उशिरा मिळालेला न्याय आहे. कोणी म्हणतो, एकच माल दोनदा विकण्याची ही युक्ती आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु निवाडा करण्यापूर्वी कात्री कोणाकोणाच्या हातात होती, हे पाहिले पाहिजे.

आमच्या आंदर मावळात भुताची गोष्ट कापण्याची आणि लांबवण्याची विद्या चित्रपटाहून पुरातन आहे. आंद्रा नदीचे हे खोरे पावसाचे आणि भाताचे. पीक राखायला रानात मुक्काम पडला की शेकोटीभोवती खवीस, हडळ, मुंजा, चकवा ही सारी मंडळी हजेरी लावीत. सांगणारा म्हातारा मोठा धोरणी असे. मुले जागी असली तर चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच बांधावर फिरून पहाटे सुखरूप घरी पोहोचे. मुले निजली की तोच माणूस डोहाशी जाऊन आसरांच्या हाती लागे. गोष्ट एकच, प्रती दोन, आणि दोन्ही खऱ्या. कारण कात्री सांगणाऱ्याच्या हातात होती आणि ऐकणारा त्याच्या डोळ्यांसमोर बसलेला होता. चित्रपट आला तेव्हा ही सोय गेली. गोष्ट एकदाच फिल्मवर उमटू लागली आणि ती कापणारे हात सांगणाऱ्याचे राहिले नाहीत.

यांतला पहिला हात नीतिरक्षकांचा. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३१ साली जेम्स व्हेल याने ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढला. त्यातला राक्षस बोरिस कार्लॉफ याने उभा केला. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला भेटते. ती त्याला भीत नाही. दोघे पाण्यात फुले सोडतात आणि ती तरंगताना पाहून हरखतात. फुले संपतात. तेव्हा ही मुलगीही फुलासारखी तरंगेल असे समजून तो अजाण जीव तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो भांबावून पळत सुटतो. हा प्रसंग काही ठिकाणच्या नियंत्रकांना सोसला नाही, आणि त्या दशकाच्या अखेरीस चित्रपट पुन्हा दाखवला गेला तेव्हाही तो कापलेलाच होता. आता मौज पाहा. राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, तिथेच चित्र तुटे. पुढे थेट बाप मुलीचे प्रेत हातांवर घेऊन गावात येताना दिसे. मध्ये काय झाले असेल, याविषयी प्रेक्षकाच्या मनात जे येई ते मूळ प्रसंगाहून शतपटीने किळसवाणे होते. सोज्वळपणासाठी चालवलेल्या कात्रीने एका अजाण जिवाला नराधम ठरवले. पुढे १९८० च्या दशकात तो प्रसंग परत जोडला गेला, तेव्हा पन्नास वर्षांनी राक्षसाला त्याचे निरपराधपण परत मिळाले. असा तुकडा परत आला तर त्याला ‘लांबवणे’ कसे म्हणायचे? ती तर साक्षीदाराची राहिलेली जबानी होय.

दुसरा हात व्यापाऱ्याचा. १९७३ साली रॉबिन हार्डी या इंग्रज दिग्दर्शकाने ‘द विकर मॅन’ केला. एका बेटावर हरवलेल्या मुलीचा शोध घ्यायला गेलेल्या धर्मनिष्ठ पोलिसाची ही कथा. वितरकांना ती उमगली नाही. एका तिकिटात दोन खेळ दाखवायचे म्हणून त्यांनी ती कापून जेमतेम दीड तासाची केली. कापलेला मूळ माल हरवला. तो एका महामार्गाच्या भरावात गाडला गेला अशी दंतकथाही उठली. अखेर अमेरिकेत हार्वर्डच्या संग्रहात एक जुनी प्रत मिळाली आणि तिच्या आधारे २०१३ मध्ये दिग्दर्शकाच्या संमतीची नवी प्रत निघाली. ग्रंथव्यवहारातही हेच घडते. स्टीफन किंग यांची ‘द स्टँड’ ही कादंबरी १९७८ साली निघाली तेव्हा खर्च वाचावा म्हणून हस्तलिखिताची सुमारे ४०० पाने गाळली होती. १९९० मध्ये ती परत छापली गेली. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला यातले दुःख समजावून सांगावे लागत नाही. कागद महागला म्हणून एखादे प्रकरण गळते, आणि वाचक म्हणतो, शेवट जरा घाईत उरकला बुवा!

तिसरा हात खुद्द कर्त्याचा, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. स्टॅन्ली कुब्रिक याने ‘द शायनिंग’ १९८० साली प्रदर्शित केला आणि चित्रपट चालू असतानाच शेवटचा रुग्णालयातला दोनेक मिनिटांचा प्रसंग कापून टाकायला लावला. पुढे युरोपसाठी त्याने आणखी सुमारे २५ मिनिटे कमी केली. कोणी बळजबरी केली नव्हती. पाल्हाळ झाला असे त्याच्याच मनाने घेतले. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची कथा याच्या उलट. १९७३ मध्ये विल्यम फ्रीडकिन याने काही प्रसंग काढले. मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी यांना ते रुचले नाही. शेवटी थोडा धीर देणारा प्रसंग हवाच, असे त्यांचे म्हणणे. २००० साली फ्रीडकिनने मित्राचे ऐकले आणि सुमारे ११ मिनिटे परत जोडली. त्यात मुलगी कोळ्यासारखी उलटी जिना उतरते तो प्रसंगही आला. तो पाहून अंगावर काटा येतो हे खरे. पण पुढच्या भीतीचे भांडवल आधीच खर्च होते, असे म्हणणारे रसिकही पुष्कळ आहेत. आणि रिडली स्कॉटने २००३ मध्ये ‘एलियन’ची दिग्दर्शकाची प्रत काढली, ती तर मूळ चित्रपटाहून किंचित आखूडच भरली! तेव्हा ‘दिग्दर्शकाची’ म्हणजे ‘लांब’ हे समीकरणही सर्वत्र खरे नाही.

आता आपल्या घरी येऊ. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि १९३४ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरची, विषय देवीपुढच्या नरबळीचा. हिंदीत राजगुरू झाले चंद्रमोहन; त्यांचा पडदाभर मोठा केलेला एक डोळा पाहून लोक दचकत. मराठीत तीच भूमिका केशवराव दाते यांनी केली. म्हणजे एका भयकथेच्या दोन प्रती असू शकतात आणि दोन्ही अस्सल असू शकतात, हे आपल्या वाडवडिलांना नव्वद वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

पुढे रामसे बंधू आले. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या त्यांच्या चित्रपटाला लोकांनी पाठ फिरवली. पण भयानक वेष घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात, तेवढा एक प्रसंग मात्र लोकांना आवडतो, हे भावांच्या ध्यानात आले. त्या एका प्रसंगातून १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ जन्मला आणि हिंदी भयपटाची गादी स्थापन झाली. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये तर सैतानाच्या जोडीला गाणी आहेत आणि जगदीप यांनी केलेली ‘शोले’ची नक्कलही आहे. त्यांची आणखी लांब प्रत काढा म्हणणाऱ्याच्या धैर्याला नमस्कारच करावा!

आमच्या खोऱ्यात मात्र हे चित्रपट कोणत्या रूपात पोहोचले, ते सांगितले पाहिजे. कारण कात्रीचा चौथा हात शहरवासीयांना माहीत नाही. मावळातल्या जत्रांत तंबूचा सिनेमा येई. शहरात चालून चालून झिजलेली प्रत तंबूवाल्याच्या वाट्याला येई. यंत्रात फिल्म तुटली की ऑपरेटर तुटकी टोके कापून, खरवडून, सिमेंटने चिकटवी. प्रत्येक जोडात दोनचार चौकटी जात. एका सेकंदाला २४ चौकटी, एका मिनिटाला ९० फूट फिल्म. असे गावोगाव तुकडे गळत गळत ती आमच्यापर्यंत येई तोवर भुताचे येणे दिसे तर जाणे दिसत नसे. १९८२ नंतर रंगीत दूरदर्शनसंच व व्हिडिओ आले. गणपतीत वर्गणी काढून भाड्याने संच आणायचा आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहायचे, असा प्रघात पडला. तिथेही कॅसेट नकलेची नक्कल. पुढे छोट्या पडद्यावर प्रौढांसाठीचे भयपट आले ते नियमानुसार आणखी कापून, नवे प्रमाणपत्र घेऊन. एवंच, मुंबईच्या प्रेक्षकाने जो चित्रपट पुरा पाहिला, तो गावाकडच्या प्रेक्षकाने कधीच पुरा पाहिला नाही. पैसे त्यानेही मोजले होते. त्याच्या दृष्टीने घरी पाहण्याची निर्दोष, अखंड प्रत म्हणजे श्रीमंती चोचले नव्हेत. ती त्याची राहिलेली बाकी आहे.

पण बाकी चुकती करायची तर माल शिल्लक हवा. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे एवढीच आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीतली असावीत असे काही अभ्यासक मानतात. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी ते जिवापाड वाढवले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळून गेली. लंडन-अमेरिकेतले लोक कापलेल्या ११ मिनिटांसाठी भांडतात, तेव्हा आपल्याकडे अख्ख्या चित्रपटांचीच राख झालेली असते. ‘शोले’चा गब्बर ठाकुराच्या पायांखाली मरतो तो मूळ शेवट जपला गेला, म्हणून २०२५ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवता आला. सर्वांचे नशीब एवढे थोर नसते.

अलीकडचे मराठी मातीतले उदाहरण ‘तुंबाड’चे. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटाची प्रेरणा आपल्या नारायण धारपांची, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे, आणि कथा १९१८ ते १९४७ या काळातली. २०१२ साली तो एकदा चित्रित झाला. कर्त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा चित्रित केले आणि २०१५ मध्ये काम संपवले. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो प्रदर्शित झाला तेव्हा गर्दी बेताची होती. मग लोकांनी तो घरी बसून पाहिला, एकाने दुसऱ्याला सांगितले, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक कमाई केली. घरचा लहान पडदा चित्रपटाला मारतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आता त्या २०१२ च्या टाकून दिलेल्या चित्रणासाठी आपण हट्ट धरावा काय? माझे मत विचाराल तर, नाही. लेखकाने फाडलेला मसुदा हा त्याचा खासगी हिशेब आहे. अभ्यासकासाठी तो जपावा. पण ‘पूर्ण प्रत’ म्हणून बाजारात मांडू नये.

तेव्हा निवाडा असा. नीतिरक्षकाने कापले, व्यापाऱ्याने कापले, किंवा काळाने आणि तंबूतल्या सिमेंटने खाल्ले, ते सारे परत जोडले पाहिजे. त्यावर पाहणाऱ्याचा हक्क आहे. कर्त्याने स्वतःच्या विवेकाने कापले असेल तर ते वेगळे, पुरवणी म्हणून दाखवावे आणि मूळ प्रत जशीच्या तशी शेजारी ठेवावी. नवी आली म्हणून जुनी नाहीशी करणे हा तर सर्वांत मोठा अपराध. कारण ज्या प्रतीला लोक एकदा भ्याले, ती प्रत त्यांच्या आयुष्याचा भाग झालेली असते.

भयपटाला हा मान कशाला, असे कोणी विचारील. संतपट, इतिहासपट यांची प्रत जपावी, भुतांची काय पत्रास? पण आपल्या समाजाला कोणत्या काळी कशाचे भय वाटत होते, याची नोंद बखरीत सापडत नाही. ‘अमृतमंथन’मध्ये ते आंधळ्या धर्मसत्तेचे होते, ‘तुंबाड’मध्ये न संपणाऱ्या लोभाचे आहे. तो कागद फाटका मिळाला तर पुढच्या पिढीला आपण अर्धेच कळू.

शेकोटीजवळच्या म्हाताऱ्याची गोष्ट आता कोणाला मूळ रूपात मिळायची नाही. ती त्याच्याबरोबर गेली. फिल्मवर उमटलेली गोष्ट तशी जायला हवीच असे नाही.