वई : डागडुजी

वई (स्त्री.) म्हणजे परसबाग, वाडी किंवा भाजीच्या तुकड्याभोवती घातलेले काठ्याकुड्यांचे कुंपण. ठरावीक अंतरावर उभे खुंट, त्यांना आडव्या बांबूच्या कामट्या आणि काथ्याचे किंवा तारेचे बंध, अशी तिची बांधणी असते. पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठी वसलेल्या मासवणसारख्या गावांत जुनी वई निभावून नेणे हे उन्हाळ्यातले घरकाम. ते मेअखेर उरकावे लागते. पावसात ओल्या लाकडाला डांबर धरत नाही, आणि लावलेच तर आतला ओलावा कोंडून खुंट लवकर जातो.

खुंट कुजतो तो जमिनीच्या तोंडाशी, वीतभर वर आणि वीतभर खाली. खोल मातीत हवा कमी, वरचा भाग वाऱ्याने सुकतो. मधल्या पट्ट्यात मात्र हवा आणि ओल दोन्ही असल्याने बुरशीला रान मोकळे मिळते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की कूज सुरू होते. पाऊस सरला की वाळवी. ती आतला गाभा खाते आणि बाहेर नुसती साल उभी ठेवते, त्यामुळे नुसते बघून कळत नाही. कोयत्याच्या पाठीने ठोकावे : चांगला खुंट टणटणतो, पोखरलेला बद्द वाजतो. मग बुडाशी पेचकस टोचावा. दोन बोटे सहज आत गेला तर तो खुंट गेला.

वरचा भाग धड असेल तर सगळा खुंट उपटणे हा उतावळेपणा. त्याला खेटून दीड-दोन फूट खोल नवा आखूड खुंट गाडून दोन ठिकाणी तारेने आवळला की जुना आणखी काही वर्षे काढतो. नव्याचे बूड डांबराने माखावे, तेही जमिनीच्या वर वीतभर येईल असे. खड्ड्याच्या तळाशी खडी, वर मुरूम ठोकून बसवावा. बुडाभोवती सिमेंटचा गोळा ओतण्याची अलीकडची हौस बहुधा अंगाशी येते. लाकूड आकसले की फटीत पाणी साचते. खुंटाचा माथा तिरपा छाटावा.

लाकूड कोणते घ्यावे, हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. साग, खैर, ऐन ही झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमानुसार तोडायला परवानगी लागते. वनाबाहेरचा बांबू मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमाच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला पिठूळ अंश उतरतो आणि भुंगा कमी लागतो.

सगळ्यात स्वस्त खुंट जिवंत असतो. मेलेल्या खुंटाच्या जागी पांगारा, शेवगा किंवा मोगली एरंडाची हिरवी फांदी रोवली तर पावसात ती मुळे धरते. पुढे छाटणी तेवढी करायची. मोगली एरंडाच्या बिया मात्र विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर तो वईला लावू नये.