मुद्रलेखक: ग्वाल्हेरच्या कचेरीतली माझी 38 वर्षं

मागच्या महिन्यात आमच्या इथल्या कार्यक्रमाची पत्रिका छापून आली आणि तीत 'उपस्थिति' असं ह्रस्व पडलं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी लगेच बोट ठेवलं, तुम्हा ग्वाल्हेरकरांचं मराठी हिंदीनं नासलं म्हणून. पत्रिकेचा मजकूर मी टाइप केला होता. वय झालं, चूक झाली, कबूल. पण ही चूक डोक्याची नव्हे, बोटांची आहे, आणि त्या बोटांची गोष्ट कुणी तरी लिहून ठेवायला हवी म्हणून हे लिहून राहिले आहे.

आमच्या लष्करात घरटी एक तरी सरकारी नोकर असायचा. त्याला कारण आहे. आजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत होते, मोडी लिहायचे. 28 मे 1948 ला मध्य भारत झालं, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी फिरती राहिली. विधानसभा आपल्या मोतीमहालात भरायची. मग 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला राहिल्या त्या कचेऱ्या: महसूल मंडळ, महालेखाकार म्हणजे आपलं एजी ऑफिस, आबकारी, भू-अभिलेख, परिवहन. मंत्री भोपाळला आणि कागद ग्वाल्हेरला, असं आमचे वडील म्हणायचे. आणि कागद म्हटला की टायपिस्ट आलाच.

मी 1972 साली लागले. पदाचं नाव हिंदीत 'मुद्रलेखक'. महाराष्ट्रात ज्याला टंकलेखन म्हणतात ते आमच्याकडे मुद्रलेखन. शिकले लष्करातल्याच एका टायपिंग क्लासमध्ये, रोज एक तास. देवनागरी लहानपणापासूनची, त्यामुळे वाटलं सोपं जाईल. कसलं! हिंदी मशीनवर बोलतो त्या क्रमानं टाइप होतच नाही. ख हवा तर आधी अर्धा ख, मग काना. भ, ध, श, ण यांचंही तेच. रफार अक्षरानंतर. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. 'नियुक्ति' टाइप करताना अर्ध्या क च्याही आधी वेलांटी पडली पाहिजे. दीर्घ मात्र नंतर.

आता आमची अडचण बघा. मराठीत 1962 च्या नियमांपासून असे शब्द शेवटी दीर्घ लिहायचे: नियुक्ती, स्वीकृती, अनुमती. हिंदीत सगळे ह्रस्व. घरी आईला पत्र लिहून द्यायचं तर दीर्घ, कचेरीत दहा वाजल्यापासून ह्रस्व. डोळ्यांना फरक एका वेलांटीचा. बोटांना मात्र क्रमच उलटा. पहिले सहा महिने माझ्या प्रत्येक 'स्वीकृति'वर बडे बाबू लाल पेन्सिलनं गोल करायचे. 38 वर्षांनी बोटं अशी वळली की आता मराठीत चुकतात.

शब्दांचे सापळे वेगळेच. पहिल्याच आठवड्यात जमिनीच्या वादाची एक नस्ती (फाइलला तिथे नस्ती म्हणतात) टाइपला आली. तीत दोन्ही पक्षांचा 'राजीनामा'. मला वाटलं, शेतकऱ्यांनी कसला राजीनामा दिला? हिंदीत राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड; नोकरी सोडायची तर त्यागपत्र. घरी सांगितलं तर वडील जेवता जेवता हसत सुटले.

काम काय असायचं? लोक म्हणायचे, टायपिस्टचं काय, समोर दिसतं ते बडवायचं. मक्षिकास्थाने मक्षिका. पण समोर दिसायचं काय? साहेबांचा मसुदा म्हणजे खाडाखोड, बाण, समासात आडवं लिहिलेलं, वर चिकटवलेली चिठ्ठी. त्यातून ज्ञापन काढायचं, की अर्धशासकीय पत्र, की आदेश, हे पाहून मांडणी ठरवायची. खाली पृष्ठांकन, म्हणजे प्रत कुणाकुणाला. एकावर एक सहा कागद, मध्ये कार्बन. जोरात मारलं तर वरच्या कागदाला भोक, हळू मारलं तर सहावी प्रत कोरी. चूक झाली की प्रत्येक प्रतीमागे चिठोरा सरकवून एकेक खोडायचं. तक्ता असेल तर आधी रकाने मोजून घ्यायचे, सगळ्यात लांब नाव किती अक्षरांचं, म्हणजे डावीकडे किती जागा सोडायची. हे गणित कुणी शिकवत नाही.

पन्नास-शंभर प्रती हव्या तर स्टेन्सिल. मेणाचा कागद, रिबन बंद करायची आणि नुसत्या खिळ्यांनी कापायचं. ठ आणि व ची गोलाई तुटून पडते, म्हणून तिथे बोट हलकं. दर दहा ओळींनी खिळ्यांत मेण भरायचं, ते ब्रशनं काढायचं. चुकलं तर लाल फ्लुइड लावून फुंकर मारायची आणि सुकल्यावर पुन्हा टाइप. साडीला ते मेण आणि सायक्लोस्टाइलची शाई लागली की जायची नाही, म्हणून कचेरीच्या माझ्या तीन साड्या ठरलेल्या होत्या. मशीन आधी रेमिंग्टन, मग गोदरेज. गोदरेजची कळ जड, पण स्टेन्सिल छान कापायची.

शेवटी तुलना. एकानं मसुदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाइप केलेल्यावर बोट फिरवायचं. मग खालच्या कोपऱ्यात आपली अद्याक्षरं. त्या दोन अक्षरांचा अर्थ मला 1978 मध्ये कळला.

त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना नियमित करायची यादी निघाली. कचेरीचं नाव लिहीत नाही. 63 नावं, चौकीदार, भृत्य वगैरे. मसुद्यात क्रमांक घातलेलेच नव्हते, मी टाइप करत करत घालत गेले. त्यात एकाच नावाचे दोन चौकीदार एकाखाली एक, वडिलांची नावं तेवढी वेगळी. माझा डोळा पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर घसरला. संध्याकाळी पाच वाजत आलेले. तुलना करताना शेवटचं पान आम्ही दोघींनी 'झालं असेल' म्हणून सोडून दिलं. माझी अद्याक्षरं पडली आणि 62 नावांची यादी जिल्ह्यांना गेली.

चार महिन्यांनी भिंडकडून एक माणूस आला. अंगावर घोंगडी, हातात चार घड्या घातलेली तीच सायक्लोस्टाइल प्रत. त्याला वाचता येत नव्हतं. बरोबरच्या सगळ्यांचा पगार वाढला, माझा का नाही, एवढंच विचारत होता. मी मसुदा काढला. नाव होतं. यादीत नव्हतं.

आमच्या वरिष्ठांनी सोपा मार्ग सांगितला. शेवटचं पान नव्यानं काप, 63 नावांचं, फाइलला जुन्याच्या जागी लाव, आणि जिल्ह्याला कळवू की आधीची प्रत नीट उमटली नव्हती. कुणाचं नुकसान नाही, माणसाला हक्क मिळतो, तुझ्यावर ठपका येत नाही. खरं सांगते, मी स्टेन्सिल मशीनला लावलंही. जुन्या पानाशी ओळ न् ओळ जुळेल, मेणाचा दाबसुद्धा तसाच दिसेल, एवढं माझं काम पक्कं होतं. मग त्यांनी बाहेरून हाक मारून सांगितलं, त्या माणसाकडची प्रत तेवढी परत घे.

मी गेले, मागितली. तो देईना. "बहनजी, येही एक कागज है हमारे पास." त्यानं ती घोंगडीच्या आत सरकवली.

मी परत येऊन स्टेन्सिल काढून टाकलं आणि हातानं टीप लिहिली: मसुद्यात नाव आहे, टाइप करताना माझ्याकडून ओळ सुटली, शुद्धिपत्र काढावं. साहेबांची सही व्हायला नऊ दिवस लागले. मूळ तारखेपासून त्याचा पगार लागला. मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तिकेत लागली. वरिष्ठ नंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. घरी मी हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. वडिलांच्या पुस्तिकेत एकही ताकीद नव्हती ना.

शुद्धिपत्राची प्रत न्यायला तो पुन्हा आला. नाव कुठलं ते दाखवा म्हणाला. मी ओळीवर बोट ठेवलं. त्यानं तिथे पेनानं खूण करून घेतली, म्हणजे पुढे कुणालाही दाखवता येईल.

तेव्हापासून कुठलीही यादी टाइपला आली की आधी मसुद्यातल्या ओळी मोजायच्या, पेन्सिलनं आकडा लिहायचा आणि टाइप करताना शेवटी 'कुल 63' असं घालायचंच, साहेबांनी सांगो न सांगो. नव्या मुलींना मी आधी हे शिकवायची, वेग नंतर.

नव्वदीनंतर कॉम्प्युटर आले. पुष्कळ जण घाबरले, पण आम्ही हिंदीवाले तरलो, कारण कृतिदेव फॉन्टच्या कळा जवळजवळ रेमिंग्टनच्याच. तेच अर्धा ख आणि काना, तीच आधी वेलांटी. फक्त बोटाला कळ हलकी लागायची आणि मी सवयीनं बडवायची. 2010 ला निवृत्त झाले. युनिकोड आलं तेव्हा मात्र माझी गाडी अडली. त्यात ह्रस्व वेलांटी अक्षरानंतर टाइप करायची! पत्रिकेतली चूक बहुतेक तिथलीच.

माझं मशीन लिलावात रद्दीच्या भावानं गेलं. खिळे साफ करायचा ब्रश तेवढा माझ्याकडे आहे. मध्य भारताच्या काळात मोतीमहालात टायपिंगला असलेल्या कुणाच्या आठवणी तुमच्या घरात असतील तर खाली जरूर लिहा. तिथे त्या वेळी देवनागरी मशीन किती होती आणि मराठी कागद कुठल्या मशीनवर निघायचे, हे मला फार दिवसांपासून विचारायचं आहे.