वाईन : सुसंगतता-स्तराचा इतिहास आणि प्रतिष्ठापनातील दोषनिदान

प्रस्तावना : एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवर चालविता यावी, ही संगणकक्षेत्राची जुनी गरज आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या 'वाबी'पासून प्रेरणा घेऊन १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅट यांनी लिनक्ससाठी 'वाईन' प्रकल्प आरंभिला. पुढील वर्षी अलेक्झांडर ज्युलियार यांनी त्याची धुरा स्वीकारली. पहिली स्थिर आवृत्ती १.० मात्र १७ जून २००८ रोजी प्रसिद्ध झाली.

स्वरूप : वाईन संपूर्ण संगणकाची नक्कल करीत नाही, विंडोजकडे केलेली मागणी ते पॉझिक्स पद्धतीच्या मागणीत रूपांतरित करते. विंडोजची मूळ संहिता खुली नसल्याने प्रत्येक कार्य बाह्य वर्तनावरून नव्याने लिहावे लागले. पंधरा वर्षांच्या विलंबाचे हे एक प्रमुख कारण होय.

दोषनिदान : अपूर्ण कार्याची मागणी झाली की प्रतिष्ठापन अडू शकते. नोंदींतील 'फिक्समी' हा शब्द अशा अपूर्णतेकडे निर्देश करतो. परंतु अशी प्रत्येक नोंद घातक नसते. म्हणून स्वतंत्र, कोऱ्या 'प्रिफिक्स'मध्ये पुन्हा प्रयत्न करणे ही पहिली पायरी ठरते. त्यातून जुन्या फेरफारांचा दोष वेगळा काढता येतो.

निष्कर्ष : १९९० च्या दशकातील अनेक ३२-बिट आज्ञावलींचे इन्स्टॉलर १६-बिट होते. ६४-बिट विंडोजने १६-बिट आज्ञावलींचा आधार काढून घेतला. ६४-बिट लिनक्सवरील वाईनने तो राखला. अनुकरण म्हणून जन्मलेला हा स्तर अशा रीतीने मूळ प्रणालीने सोडून दिलेल्या वारशाचाही रक्षक ठरला आहे.